मिसकुटाचा तळचा खार: नव्या फोडी घालाव्यात की पेज ओतावी?

मेमध्ये घातलेल्या मिसकुटाची, म्हणजे कैरीच्या लोणच्याची, पहिली छोटी बरणी आमच्याकडे गोव्यात फोंड्याला ऐन पावसात तळाला जाते. १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस मासेमारी बंद, त्याला लागून श्रावण. ताटात मासळी नसली की लोणच्यावर हात जास्त जातो. आंब्याच्या फोडी संपतात आणि तळाशी चार-पाच चमचे खार उरतो. मोहरी, हिंग, मिरची आणि आंब्याचा सगळा आंबटपणा त्यात उतरलेला असतो. तो धुऊन मोरीत सोडणं मला जमत नाही. इतक्या मेहनतीचं, उन्हात बसून केलेलं काम आहे ते.

हा खार संपवायचे दोन मार्ग मी घरी बरीच वर्षं आलटून पालटून वापरले. पहिला, त्याच खारात गाजर, मुळा, बिंबलं (बिलिंबीची आंबट फळं), आलं असं काहीतरी चिरून घालायचं. दुसरा, उकड्या तांदळाची पेज बरणीतच ओतून बरणी हलवायची आणि ताटात घ्यायची.

फोडी घालण्यात मोह मोठा आहे, हे मान्य करायला हवं. दोन दिवसांत नवं लोणचं तयार, वेगळा मसाला नको, फोडणी नको. बिंबलं तर अशी मुरतात की पाहुण्यांना वाढावीत. माझी आई हेच करायची आणि तिच्या हातचं कधी बिघडलेलं मला आठवत नाही. पण ती ते डिसेंबर-जानेवारीत करायची. घरात माणसंही खूप होती, तिसऱ्या दिवशी बरणी रिकामी.

माझं गाडं अडलं ते पाण्यापाशी. गाजर काय, मुळा काय, मिठात पडलं की पाणी सोडतं. मूळच्या मिसकुटात आंब्याच्या फोडींना आधी मीठ लावून ते पाणी काढलेलं असतं, वर तेलाचा थर असतो. तळाशी उरलेल्या खारावर तेल जवळजवळ नसतंच, ते चमच्याचमच्याने आधीच गेलेलं असतं. त्यात नव्या भाजीचं पाणी मिसळलं की मीठ पातळ होतं. जुलैच्या दमट हवेत चौथ्या-पाचव्या दिवशी वर पांढरट साय धरते. मी फोडी फडक्यावर तासभर पसरून पाहिल्या, पंख्याखाली वाळवून पाहिल्या. साय दोन दिवस उशिरा आली, इतकंच. साय काढून खालचं खाणारे लोक आहेत. मला ते धाडस होत नाही, विशेषतः घरात लहान मूल असताना. मग चार चमचे खार वाचवायच्या नादात अर्धा किलो गाजरही कचऱ्यात. एका पावसाळ्यात हे दोनदा झालं आणि त्यानंतर मी पावसात फोडी घालणं थांबवलं.

फ्रिजमध्ये ठेवलं तर टिकतं, हे खरं. पण थंडगार खारात फोडी मुरायला फार दिवस घेतात, असा माझा अनुभव. तुमच्याकडे कदाचित वेगळं होत असेल. घालायचंच असेल तर आल्याचे काप आणि हिरव्या मिरच्या घाला, त्या गाजराइतकं पाणी सोडत नाहीत.

पेजेचं काम एका जेवणात आटोपतं. पेज बिनमिठाची ठेवायची, खारात मीठ भरपूर असतं. ती कोमट होऊ द्यायची, आणि यात घाई नको. एक तर कढत पेजेने काचेची बरणी तडकते. दुसरं, मोहरीचा झणका उष्णतेने उडतो, हिंगाचा वास तेवढा मागे राहतो. दोन डाव पेज ओतून झाकण लावायचं आणि बरणी आडवी करून फिरवायची. पेजेचं निवळ दाटसर असतं, ते भिंतीला चिकटलेली मोहरी नि तेल ओढून घेतं. ती पिवळसर पेज, शेजारी भाजलेला पापड, एवढ्यावर पावसातली दुपार छान निभते. बरणीही इतकी स्वच्छ निघते की एका पाण्यात धुऊन होते.

सुकी सुंगटं (कोळंबी) घरात असतील आणि शिवराक, म्हणजे शाकाहाराचा, वार नसेल, तर किसमूर ही सुक्या मासळीची कोशिंबीरही करून पाहा. भाजलेली सुंगटं, ओलं खोबरं, कांदा, आणि चिंचेच्या जागी हा खार. वेगळं मीठ अजिबात नको. खार तव्यावर मात्र घालू नका, बांगड्याला लावून तळला तेव्हा मोहरी करपून कडू झाली होती.

तेव्हा बरणी थंडीत संपत असेल आणि घरात खाणारी माणसं भरपूर असतील, तर फोडी घालायला माझी ना नाही. बिंबलांसाठी मीही कधी कधी घालतो. पण पावसात, तीन-चार माणसांच्या घरात, मी पेजच ओतेन. आजही दुपारी तेच केलं. बरणी धुऊन गॅसशेजारी पालथी घातली आहे, ऊन पडेल त्या दिवशी गच्चीवर ठेवीन.