कान माझे गेले की चंडोल?

पक्ष्यांचा आवाज ओळखणारं एक अॅप मी गेले सात महिने फोनवर वापरतेय. पाचपैकी चार तारे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत, आणि अशी दोन-चार अॅप फुकट मिळतात, सगळ्यांची रीत साधारण एकच.

ते घेतलं कानांमुळे. एकोणसाठाव्या वर्षी कानाची तपासणी झाली. आलेख ४,००० हर्ट्झपर्यंत बरा सरळ आणि तिथून पुढे, म्हणजे वरच्या पट्टीच्या बारीक आवाजांना, घसरगुंडी. डॉक्टर म्हणाले, वयोमानाने होतं, बोलणं नीट ऐकू येतंय ना, मग झालं. मला मात्र भलतीच काळजी लागली. गेली कित्येक वर्षं मी भेटेल त्याला सांगत सुटले होते की शेतातली पाखरं गेली. चंडोल गेला, लावा गेला, भारिटांचे थवे गेले. आणि गेले असतील ते माझेच कान, तर? धाकट्या भावाला तर आयतंच कोलीत मिळालं. शेती तोच बघतो. "ताई, पाखरं आहेत तिथंच आहेत. तुलाच ऐकू येत नाही."

तेव्हा हे परीक्षण म्हणजे खरं तर त्या भांडणाचा निकाल आहे.

अॅप आवाज ऐकतं म्हणण्यापेक्षा बघतं म्हणायला हवं. माइकवर आलेल्या आवाजाचं ते चित्र काढतं. डावीकडून उजवीकडे वेळ सरकते, खालून वर स्वर चढतो. मग त्या रेघोट्या शिकवलेल्या नमुन्यांशी ताडून नाव सांगतं. आपल्या भागातल्या पक्ष्यांचा संच एकदा उतरवून घेतला की रेंज नसली तरी चालतं. माझ्यासारखीला या चित्राचंच अप्रूप.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. बांधावर बसले होते, फोन मांडीवर, सगळं शांत. पडद्याच्या वरच्या काठाशी बारीक काळ्या टिकल्या उमटायला लागल्या, सुईने टोचल्यासारख्या, सारख्या अंतराने. खाली नाव आलं, तिरचिमणी. मी श्वास रोखला. काही नाही. फोन कानाशी धरला, तरी काही नाही. मान वळवली तर दहा पावलांवर ढेकळाच्या रंगाची ढेकळाएवढी तिरचिमणी शेपटी खालीवर करत उभी, चोच उघडतेय, मिटतेय. टीव्हीचा आवाज बंद केल्यावर बातम्या देणारी बाई दिसते ना, अगदी तशी. सात महिन्यांत एवढं वाईट मला दुसऱ्या कशाचं वाटलं नाही. भावाचा एक गुण.

मग शिस्तच लावून घेतली. उजाडताना तीच जागा, तोच दगड, दहा मिनिटं, वहीत नोंद. अशा ६४ सकाळी झाल्या. त्यांपैकी ४१ सकाळी अॅपने तिरचिमणी दाखवली, मला ती ऐकू आली फक्त सहा वेळा. चंडोल दाखवला दोनदा. आणि दोन्ही वेळा अॅपच्या आधी मला ऐकू आला होता! चंडोलाच्या गाण्याचा बराच भाग माझ्या शाबूत पट्टीत बसतो. म्हणजे त्याच्या बाबतीत कान दोषी नाहीत. माझ्या लहानपणी याच बांधावर एक चंडोल खाली उतरतो न उतरतो तोच दुसरा वर चढलेला असायचा. माझा एक गुण.

आता तक्रारी. वारा सुटला की अॅप गोंधळतं. विहिरीवरची मोटर चालू झाली की गप्पच होतं. आणि नकलाकारांपुढे तर साफ हात टेकतं. एका सकाळी पाच मिनिटांत सात नावं आली, त्यात शिक्रा, खाटीक, टिटवी. मी हरखून उठले. बघते तर तारेवर एकटा कोतवाल, सगळ्यांची सोंगं आणत बसलेला. तेव्हापासून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी यादीत काही लिहीत नाही. तुम्हीही लिहू नका, विशेषतः ती यादी कुठल्या पक्षीगणनेला पाठवणार असाल तर. उलटंही तितकंच खरं. अॅपला ऐकू आलं नाही म्हणजे पक्षी नव्हता असं नाही. लावा गवतात दबून मुकाट बसला तर कसलं अॅप आणि कसलं काय.

पण एक तारा कापला तो यासाठी नाही. अॅपला आजची सकाळ कळते, चाळीस वर्षांपूर्वीची कळत नाही, आणि अॅपवाले मात्र वाट्टेल ती स्वप्नं विकतात. पाखरं कमी झाली का, हे एका फोनने ठरत नाही. त्यासाठी तीच वाट, तोच हंगाम, वर्षानुवर्षं चालावी लागते. युरोपात लोकांनी ते केलंय. २८ देश, १७० जाती, २०,००० जागा. २०२३ साली त्याचा हिशेब छापून आला. १९८० ते २०१६ या काळात तिथले सगळ्या प्रकारचे पक्षी मिळून साधारण २५ टक्के घटले, शेतातले मात्र ५७ टक्के. दुर्मीळ पाखरांची नव्हे, रोज दिसणाऱ्यांची ही गोष्ट आहे.

ही कात्रणं मी भावापुढे ठेवली. तो म्हणाला, "मी कीटकनाशक मारतच नाही. तणनाशक तेवढं, तेही बांधावर." खरंच मारत नाही. पण गोम तिथेच आहे. तितर, भारीट दाणे टिपणारे म्हणून आपण ओळखतो, पण पिल्लांना पहिले काही दिवस किडे-अळ्याच लागतात. आणि ते किडे राहतात तणावर. इंग्लंडात ससेक्समध्ये १९६८ पासून करड्या तितराचा अभ्यास चालू आहे. त्यात हेच दिसलं की औषध तणावर मारलं तरी उपाशी मरतात ती पिल्लं. किडा मारायला नकोच, त्याचं घर काढून घेतलं की पुरे.

मग बियाण्याला आधीच चोळून येणारी औषधं. त्यातल्या इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकावरचा नेदरलँड्समधला अभ्यास २०१४चा. जिथल्या ओढ्या-कालव्यांच्या पाण्यात ते एका लिटरमागे २० नॅनोग्रॅमहून जास्त सापडलं, तिथे किडे खाणारे पक्षी दर वर्षी सरासरी साडेतीन टक्क्यांनी घटत होते. साडेतीन म्हणजे काहीच नाही वाटतं. वीस वर्षांचं चक्रवाढ मांडा, निम्मेच उरतात. अर्थात पाण्यात औषध सापडलं आणि पक्षी घटले, म्हणजे औषधानेच घटले असं सिद्ध होत नाही, हे भावाने लगेच बोलून दाखवलं, आणि ते बरोबरच आहे. पण युरोपीय संघाने २०१८ साली तशा तीन औषधांना उघड्या शेतात बंदी घातली, ती काही उगाच नाही. २०२३च्या हिशेबातही वाढतं तापमान, वाढती शहरं, सगळं मोजून पहिला नंबर खतं आणि औषधांवर उभ्या असलेल्या दाट शेतीचाच लागला.

दाट पिकाचा चंडोलाला वेगळाच जाच. तो घरटं जमिनीवर करतो, आणि एका हंगामात दोन-तीन वेळा पिल्लं काढली तरच त्याचा संसार टिकतो. थंडीआधी पेरलेला गहू उन्हाळ्याच्या तोंडाशी इतका उंच आणि गच्च होतो की दुसऱ्या विणीला उतरायला जागाच नसते. त्यावरचा इंग्लंडातला उपाय मला फार आवडला. पेरताना यंत्र क्षणभर उचलायचं. हेक्टरी दोन ठिकाणी, खोलीएवढा, १६ चौरस मीटरचा तुकडा न पेरता सोडायचा, बस. भाऊ यावर "बघू" म्हणाला. त्याच्या "बघू"चा अर्थ बहुधा नाही असाच असतो.

परवा मात्र स्वतःहून माझ्याबरोबर आला. दगडावर बसलो. टिकल्या उमटायला लागल्या तसा फोन मी त्याच्यापुढे धरला आणि विचारलं, "ऐकू येतंय?"

"येतंय की." तो माझ्याकडे बघतच राहिला. "हे पाखरू आहे? मला वाटलं, मोटरचं बेअरिंग. दोनदा ग्रीस घातलंय मी."