आधी इरॅस्मस वाचावा की चेस्टरटन?

कॅथलिक धर्मविचारातील विनोद मुळातून वाचायचा असे ठरवणाऱ्यासमोर बहुधा दोन नावे येतात: रॉटरडॅमचा विद्वान इरॅस्मस आणि इंग्लंडचा लेखक चेस्टरटन. एकाची ‘मूर्खतेची स्तुती’ १५११ मध्ये छापली गेली, दुसऱ्याची ‘ऑर्थोडॉक्सी’ १९०८ मध्ये. दोन्ही पुस्तके आटोपशीर आहेत आणि दोन्ही हसवतात; मात्र त्यांत हसे कोणाचे होते हे पाहू लागले, की त्यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि निवड याच कसोटीवर करावी असे मला वाटते.

ही कसोटी लावायला आधार तेराव्या शतकातील धर्मपंडित थॉमस अक्वायनसचा आहे. त्याच्याआधी या परंपरेत हास्याकडे बहुधा संशयानेच पाहिले जाई. संत बेनेडिक्टच्या मठनियमांत नम्रतेच्या बारा पायऱ्यांपैकी दहावी पायरी चटकन न हसण्याची आहे, आणि संत पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात ‘युट्रापेलिया’ हा ग्रीक शब्द टवाळखोरीच्या अर्थाने, टाळायच्या गोष्टींतच घातला आहे. अक्वायनसने तोच शब्द ॲरिस्टॉटलच्या अर्थाने, म्हणजे प्रसंगोचित विनोदबुद्धी या अर्थाने, घेऊन सद्गुणांच्या पंगतीला बसवला. ‘सुम्मा थिओलॉजिए’ या आपल्या प्रश्नोत्तररूपी धर्मग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात, १६८ व्या प्रश्नात, तो एक जुनी गोष्ट सांगतो. प्रेषित योहानाला शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही लोकांच्या कपाळाला आठ्या पडल्या, तेव्हा त्यांच्यातल्या धनुष्य बाळगणाऱ्या एकाला योहानाने बाण सोडायला सांगितले. त्याने बरेच बाण सोडल्यावर योहानाने ‘हे असेच अखंड चालू ठेवशील का’ असे विचारले. ‘मग धनुष्य मोडेल,’ असे उत्तर आले. मनाचेही तसेच आहे, असे योहान म्हणाला. पुढे अक्वायनस असेही म्हणतो, की जो स्वतः कधी विनोद करत नाही आणि दुसऱ्याच्या विनोदावर विरजण घालतो, तो इतरांना भार होतो आणि म्हणून दोषी ठरतो. मात्र थट्टेचा अतिरेक हा त्याहून मोठा दोष होय. या विवेचनात त्याने स्वतः एकही विनोद केलेला नाही, पण त्याची तीन लहान कलमे वाचून ठेवली, तर पुढची दोन्ही पुस्तके तोलायला ताजवा मिळतो.

इरॅस्मसच्या पुस्तकात खुद्द मूर्खता व्याख्यानाला उभी राहते आणि आपलेच गुणगान करते. युक्ती नामी आहे, कारण जे बोलते ते मूर्खतेचे तोंड, मग लेखकाला जाब कसा विचारणार? आरंभी ती सगळ्या मानवजातीला गुदगुल्या करते, पण धर्मपंडितांपाशी आली की तिच्या जिभेला धार चढते. देवाला स्त्रीचे, सैतानाचे, गाढवाचे, भोपळ्याचे किंवा गारगोटीचे रूप घेता आले असते काय, आणि घेतले असते तर भोपळ्याने प्रवचन कसे केले असते, त्याला क्रुसावर कसे खिळले असते, असल्या प्रश्नांवर हे पंडित आयुष्य घालवतात, असे ती सांगते. हा भोपळा माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. शेवटी मात्र सूर पालटतो: क्रुसाचा संदेश जगाला मूर्खपणा वाटतो हे पौलाचे वचन घेऊन इरॅस्मस मूर्खतेलाच भक्तीच्या दारी नेऊन उभे करतो. इतके असूनही पुस्तकाचा बहुतेक भाग दुसऱ्यांना हसण्यात खर्च झाला आहे, आणि ज्यांना चिमटे बसले ते विसरले नाहीत; तो स्वतः अखेरपर्यंत कॅथलिकच राहिला, पण १५५९ मध्ये पोप चौथा पॉल याच्या निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत त्याचे सर्व लेखन गेले. वाचकाची अडचण वेगळीच आहे. ग्रीक-रोमन पुराणांतले उल्लेख ओळीओळीला येतात, त्यामुळे तळटिपा नसलेली आवृत्ती घेऊ नये.

चेस्टरटन आरंभीच स्वतःची फजिती करून घेतो. दिशेचा हिशेब चुकलेला एक इंग्रज नावाडी दक्षिण समुद्रातले नवे बेट समजून इंग्लंडचाच शोध लावतो, ही कल्पना तो मांडतो आणि तो नावाडी आपणच असल्याचे सांगून टाकतो. स्वतःच्या बुद्धीने नवा धर्म रचायला निघालो, आणि तो रचून पाहिला तर जुनीच ख्रिस्ती श्रद्धा निघाली. (कॅथलिक ख्रिस्तसभेत तो आला १९२२ मध्ये, म्हणजे या पुस्तकानंतर चौदा वर्षांनी.) त्याच्या मते विनोद ही श्रद्धेची सजावट नाही, तो तिचा पुरावा आहे: देवदूत उडतात ते स्वतःचे ओझे वाटू देत नाहीत म्हणून, आणि सैतान पडला तो जडपणामुळे. ‘ग्रॅव्हिटी’ या मूळ इंग्रजी शब्दात गांभीर्य आणि गुरुत्वाकर्षण दोन्ही आहेत. मराठीत ‘जड’ हा शब्द जवळपास तेच काम करतो. त्याचा दोष असा, की प्रत्येक परिच्छेद कोलांटउडी घेऊन संपतो, आणि सलग चाळीस पाने वाचली की कोलांटउडीचेही आश्चर्य उरत नाही. रोज एक प्रकरण, त्याहून जास्त नाही.

तिसरा पर्याय फ्रेंच विचारवंत पास्कलच्या ‘प्रोव्हिन्शियल’ नावाच्या अठरा पत्रांचा (१६५६–५७). त्यांतला उपरोध तिघांत सर्वांत धारदार आहे आणि अकराव्या पत्रात धर्मविषयांत उपहास का चालतो याचा युक्तिवादही आहे, परंतु जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाशी चाललेला तो वाद आधी समजून घ्यावा लागतो, म्हणून पहिले वाचन म्हणून मी ती सुचवणार नाही.

ज्याला संस्थेचा दंभ डाचतो आणि श्रद्धा सोडायची नाही, त्याने इरॅस्मस घ्यावा. ज्याला श्रद्धेविषयीच शंका आहे, किंवा धर्म म्हणजे लांब चेहरा असे वाटते, त्याने चेस्टरटन. दोन्ही सारखेच वाटत असतील तर माझा कौल चेस्टरटनकडे आहे, कारण तो स्वतःला हसतो, आणि त्याचे मोल इरॅस्मसच्याच मित्रापाशी कळते. ‘मूर्खतेची स्तुती’ १५०९ मध्ये इंग्रज मुत्सद्दी थॉमस मोरच्या घरी लिहिली गेली आणि ‘मोरिए एन्कोमियम’ या तिच्या मूळ नावात ‘मोर’वर श्लेष आहे. राजाला चर्चचा प्रमुख मानायला नकार दिल्याने देहदंड झालेला हाच मोर ६ जुलै १५३५ रोजी वधमंचाची डळमळती शिडी चढताना अधिकाऱ्याला म्हणाला, की मला वर नीट पोचवा, खाली येण्याचे माझे मी पाहून घेईन.