‘आपले सरकार’ पोर्टलवरचा उत्पन्नाचा दाखला: रचना चांगली, घसा अरुंद

हात तव्याला लागला तर मेंदूच्या हुकमाची वाट न बघता मज्जारज्जूच तो मागे खेचायला लावतो. उत्पन्नाच्या दाखल्याची मांडणी तशीच आहे. अर्ज मंत्रालयात जात नाही. तहसील कार्यालयातच लिपिक, नायब तहसीलदार, तहसीलदार असा फिरून डिजिटल सहीने बाहेर पडतो. मुदत 15 दिवस. ही रचना मनापासून पटते.

अडतं ते गिळतानाच, म्हणजे फोटो आणि कागदपत्रं पोर्टलवर चढवताना. फोटो 5 ते 20 केबी, कागदपत्रं 75 ते 500 केबी. मोबाइलवर काढलेला फोटो तसाच चढवला तर पोर्टल तो घेत नाही. आकार जास्त दाबला की तलाठ्याच्या अहवालावरचा शिक्का पुसट होतो आणि अर्ज त्रुटी निघून परत येतो. म्हणून रंगीत नको, ग्रेस्केलमध्ये (करड्या छटांत) 150 डीपीआयला (दर इंचातले ठिपके) स्कॅन करा. आधार, रेशनकार्ड आणि अर्ज यांवरचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळवा. मुदत मोजतात ती पूर्ण अर्ज मिळाल्यापासून, त्यामुळे ही काळजी महत्त्वाची.

वेदना वर पोचवणारी नस म्हणजे 2015 चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. कसूर ठरल्यास अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड. शरीरात ठणका आपोआप कळतो, इथे मात्र अपील अर्जदारालाच करावं लागतं. त्यासाठी पोचपावतीवरचा अर्ज क्रमांक आणि तारीख लागते, ती पावती जपून ठेवा.