बॉक्सिंग क्लासची पहाटेची बॅच : आठ महिन्यांनंतरचा अभिप्राय

हिंगणघाट तालुक्यातील आमच्या गावाजवळ चालणाऱ्या एका बॉक्सिंग क्लासला माझी १७ वर्षांची पुतणी गेल्या एप्रिलपासून जाते. महिन्याची फी ६०० रुपये असून तीत पहाटे साडेपाच ते सात धावणे व व्यायाम आणि सायंकाळी दीड तास ग्लोव्हज घालून सराव, असे दोन्ही येते. सायंकाळच्या सरावाबद्दल मला विशेष काही लिहायचे नाही; सर हातात पॅड (ठोसे झेलायची गादी) धरून प्रत्येक मुलाला वेगळा वेळ देतात आणि चुकीचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) तिथल्या तिथे दुरुस्त करतात. पालक मला नेहमी विचारतात ते पहाटेबद्दल, की पोरीला अंधारात उठवून पळवल्याने रिंगमध्ये खरोखर काही फरक पडतो का. ती एकटी जाऊ नये म्हणून मी रोज सायकलवर बॅटरी घेऊन तिच्यामागे असतो, त्यामुळे हे सारे मी जवळून पाहिले आहे.

तिच्या गटात ३ मिनिटांचे ३ राऊंड असतात आणि दोन राऊंडच्या मध्ये १ मिनिट विश्रांती मिळते. ऐकायला ही ९ मिनिटे थोडी वाटतात. ऑगस्टमध्ये ती पहिली लढत खेळली, तेव्हा दुसऱ्या राऊंडच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात तिचे दोन्ही हात हनुवटीखाली उतरले आणि समोरच्या मुलीने तेवढ्यातच सरळ ठोसे मोजून मारले. तिला ठोसे दिसत होते, पण हात वर नेण्याइतका दम उरला नव्हता. एकेक जोरकस ठोसा शरीर साठवलेल्या ताकदीवर मारते, परंतु दोन माऱ्यांच्या मध्ये आणि त्या एका मिनिटाच्या विश्रांतीत ती ताकद पुन्हा भरून काढण्याचे काम श्वासातून मिळणाऱ्या प्राणवायूवर होते. नियमित धावण्याने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते आणि हे भरून काढणे लवकर होते. बॉक्सरने धावावे ते यासाठी. झोपेतून उठल्याबरोबर तिची नाडी आम्ही एका वहीत लिहून ठेवतो. एप्रिलमध्ये ती मिनिटाला ७६ होती, नोव्हेंबरअखेर ६४ पर्यंत आली.

मग ऑगस्टमध्ये दम का सुटला? माझी पहिली तक्रार इथेच आहे. क्लासमध्ये पोलीस भरतीची तयारी करणारी मुलेही येतात आणि पहिले पाच महिने सर्वांना एकच काम होते: डांबरी रस्त्याने ८ किलोमीटर, एकाच संथ गतीने. भरतीच्या मुलांची गरज उघड आहे. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावून गुण मिळवायचे असतात. बॉक्सरची गरज वेगळी असते. लांब, संथ धावणे पाया घालते, हे मी नाकारत नाही. परंतु रिंगमध्ये गती दर काही सेकंदांनी बदलते, पाय आडवे-तिरपे चालतात आणि खांदे सतत उचललेले असतात. यांपैकी काहीही त्या ८ किलोमीटरमध्ये होत नव्हते. त्यातच रोज डांबरावर धावून सप्टेंबरमध्ये तिच्या नडग्या दुखू लागल्या आणि दहा दिवस घरी बसावे लागले.

मी सरांशी बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि ऑक्टोबरपासून बॉक्सिंगच्या मुलांसाठी मंगळवार व शुक्रवार वेगळे काढले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. त्या दोन दिवशी शाळेच्या मैदानावर ३ मिनिटे जोरात धावणे, १ मिनिट चालणे, असे आधी चार वेळा आणि पुढे सहा वेळा असते; नंतर लगेच दोन राऊंड शॅडो, म्हणजे समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारण्याचा सराव. उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस ५ किलोमीटरची सावकाश धाव पांदणीने होते, कारण पावसाळ्यानंतर सुकलेली मातीची वाट डांबरापेक्षा पायांना सोसते. (पावसाळ्यात मात्र त्या वाटेने जाऊच नये. काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते आणि अंधारात साप दिसत नाही.) दिवाळीनंतरच्या एका सरावलढतीत तिसऱ्या राऊंडची घंटा वाजली, तेव्हा ती कोपऱ्यात माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, आता एक मिनिट पुरते न." तिचे हात शेवटपर्यंत गालाशी होते.

आता वेळेबद्दल. पहाटेच्या घडीला स्वतःचा असा काही चमत्कार नाही. त्या वेळी शरीराचे तापमान दिवसातले सर्वांत कमी असते, सांधे आखडलेले असतात आणि जोर साधारणपणे दुपारनंतरच अधिक लागतो. तरीही आमच्याकडे पहाटच योग्य आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा सकाळी आठनंतर रस्त्यावर धावणे धोक्याचे असते, आणि कास्तकारांच्या घरातल्या मुलांना त्यानंतर शेत किंवा शाळा असतेच. थंडीत मात्र अंग गरम करण्याला क्लासमध्ये जेमतेम तीन-चार मिनिटे देतात, ती किमान पंधरा हवीत. आम्ही घरूनच दोरीवरच्या उड्या मारून निघतो. झोपेची जबाबदारीही घरच्यांची आहे. रात्री अकरापर्यंत मोबाईल पाहून साडेचारला उठणाऱ्या मुलाला ही बॅच थकवण्यापलीकडे काही देणार नाही.

नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ साली पोलंडमधील युवा जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, तिचे नाव घेऊन आमच्या भागातील पालक मुलींना क्लासला आणतात. त्यांना मी ही बॅच घ्या असेच सांगेन, फक्त प्रवेशाच्या वेळीच मंगळवार-शुक्रवारचा वेगळा सराव मिळेल ना, हे विचारून घ्यावे.

पाचपैकी चार गुण देतो. पाचवा रोखला आहे, कारण स्पर्धेच्या आठवड्यात वजन उतरवून ठरलेल्या वजनगटात बसण्यासाठी काही मुलांना प्लॅस्टिकची जॅकेटे घालून धावायला लावतात. त्याने चरबी जात नाही, पाणी जाते. वजनकाट्यावर आकडा जुळतो, पण मूल सुकलेल्या शरीराने रिंगमध्ये उतरते, आणि धावताना उष्माघाताची भीती असते ती वेगळीच. आमच्या पोरीला ते जॅकेट घालू देणार नाही, हे मी सरांना सांगितले व त्यांनी मान्यही केले. इतर मुले मात्र गेल्या आठवड्यातही ते घालून धावत होती. ते सर्वांसाठी बंद झाले की हा अभिप्राय मी त्याच दिवशी दुरुस्त करीन.