थ्रस्टमास्टर टी.१६०००एम: डीसीएस या विमान-सिम्युलेटर गेमसाठी ही जॉयस्टिक उत्तम, रडरकडे लक्ष ठेवा

पिच-रोलला (नाक वर-खाली होणं, पंख डावी-उजवीकडे कलणं) चुंबकीय हॉल सेन्सर आहेत. घासणारं काहीच नसल्याने अचूकपणा टिकतो. मूठ पिळून चालणारा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा) मात्र साध्या पोटेन्शिओमीटरवर, म्हणजे घासून चालणाऱ्या सेन्सरवर. त्यावर धूळ बसली की हात न लावताही रडर थरथरतो, धावपट्टीवर विमान तिरकं पळतं. डीसीएसच्या ॲक्सिस ट्यून सेटिंगमध्ये डेडझोन (मध्याजवळची जी हालचाल दुर्लक्षित होते तो पट्टा) ५ पासून वाढवत न्या, पडद्यावरचा ठिपका मध्यावर स्थिरावला की थांबा.

वेगळा थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) जोडलात तर डीसीएस त्यालाही पिच-रोल आपणहून देऊन टाकतं. थ्रॉटल ढकलताच नाक खाली-वर होत असेल तर स्टिकला दोष देऊ नका. कंट्रोल सेटिंगमधल्या ॲक्सिस कमांड्समध्ये थ्रॉटलच्या रकान्यातल्या त्या नोंदी पुसा. डावखुऱ्यांना मुठीचे भाग बदलता येतात, ही फार मोठी सोय.