जीडीबीच्या टेस्टसूटसोबत आठ महिने: थ्रेड्स, लॉक आणि एक साधं 'प्रिंट'

आठ महिन्यांपूर्वी आमच्या टीमकडे एका नव्या बोर्डासाठी जीडीबी हा डिबगर (चालता प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन) पोर्ट करायचं, म्हणजे तिथे चालेल असा करायचं काम आलं. माझ्या वाट्याला टेस्टिंगचा एकच कोपरा होता: अनेक थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये सोबत चालणारे कामाचे धागे) असलेला प्रोग्राम थांबवून 'प्रिंट' या किंमत छापणाऱ्या कमांडमध्ये फंक्शन कॉल केलं, तर नेमकं काय होतं? तेव्हापासून जीडीबीचा स्वतःचा टेस्टसूट मी जवळपास रोज चालवतेय.

साधं व्हेरिएबल छापायचं तर मेमरी वाचली की काम झालं. फंक्शन कॉल केलं की थांबलेला प्रोग्राम पुन्हा चालवावा लागतो. जीडीबी स्टॅकवर (फंक्शन कॉलच्या नोंदी ठेवणारी मेमरी) एक डमी फ्रेम, म्हणजे तात्पुरती खोटी नोंद रचतो, रजिस्टरं बदलतो आणि थ्रेड सोडतो. मग बाकीच्या थ्रेडचं काय करायचं? बाकीचे थ्रेड रोखून धरायचे का हे ठरवणारी 'शेड्युलर-लॉकिंग' ही सेटिंग ऑफ असेल तर तेही धावू लागतात, आणि त्यातला एखादा मध्येच ब्रेकपॉइंटवर (प्रोग्राम थांबवायला खूण केलेली ओळ) थांबला की आपलं एक्स्प्रेशन अर्धवट राहतं. ऑन असेल तर फक्त आपला थ्रेड धावतो. पण त्याला हवं असलेलं लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला धरता येणारं कुलूप) थांबवून ठेवलेल्या दुसऱ्या थ्रेडकडे असेल, तर तो कायमचा वाट बघत बसतो. मूळ सेटिंग 'रीप्ले' असते, आणि नेहमीच्या डिबगिंगमध्ये ती ऑफसारखीच वागते. म्हणजे बहुतेकांना ऑफचाच, सगळे थ्रेड धावण्याचा अनुभव येतो.

माझ्या पहिल्या टेस्टमध्ये मी 'स्लीप' टाकून थ्रेड जागेवर येण्याची वाट बघत होते. माझ्या मशीनवर ती पास व्हायची आणि बिल्ड सर्व्हरवर कधीतरी पडायची. 'जीडीबी डॉट थ्रेड्स' या फोल्डरमधल्या जुन्या टेस्ट वाचल्यावर रीत कळली: पीथ्रेड बॅरियर (सगळे थ्रेड येईपर्यंत प्रत्येकाला थांबवणारा अडसर) लावून सगळे थ्रेड ठरलेल्या ओळीपर्यंत आणायचे, आणि टेस्ट अडकलीच तर प्रोग्राम मागे रेंगाळू नये म्हणून सुरुवातीलाच ठराविक वेळेनंतर प्रोग्राम बंद पाडणारा 'अलार्म' लावायचा. हे फोल्डर मन लावून वाचावं असं आहे. मला एवढं शिकवणारं दुसरं काही सापडलं नाही.

या टेस्टसूटवर माझा विश्वास बसला तो 'चेक-रीड1'मुळे. 'मेक चेक-रीड1' दिलं की एक छोटी लायब्ररी आधी लोड होते आणि एक्स्पेक्टला (आउटपुट वाचून पॅटर्नशी जुळवणारं साधन) जीडीबीचं आउटपुट एकेक बाइट करून मिळतं. 42 येण्याआधी नुसता 4 दिसतो, आणि तेवढ्यावरच जुळणारा पॅटर्न लगेच उघडा पडतो. माझ्या तीन टेस्ट अशा पडल्या. 'जीडीबी_टेस्ट' ही टेस्टसूटमधली तयार प्रोसीजर जीडीबीच्या पुढच्या प्रॉम्प्टपर्यंत जुळवण्याचं काम आपणहून करतं, पण 'जीडीबी_टेस्ट_मल्टिपल'मध्ये ते आपल्याला लिहावं लागतं, आणि मी ते विसरले होते. आता प्रॉम्प्टपर्यंत जुळवून घेणारा 'रॅप' हा फ्लॅग लावल्याशिवाय एकही पॅटर्न लिहीत नाही. जोडीला 'रेसी_आयटर' आहे: तीच टेस्ट अनेकदा चालवायची आणि कधी पास, कधी नापास होणाऱ्यांची यादी वेगळ्या फाइलमध्ये घ्यायची. थ्रेडच्या बाबतीत एकदा मिळालेल्या पासला मी आता किंमत देत नाही.

सगळ्यात जास्त मी शिकले ते पाचव्या महिन्यात. एक फंक्शन म्यूटेक्स (एक प्रकारचं लॉक) घेतं आणि तो धरलेला असतानाच चुकीच्या पॉइंटरला हात लावतं. कॉल सिग्नलने अडला की स्टॅक मागे नेणारी 'अनवाइंड-ऑन-सिग्नल' ही सेटिंग ऑन ठेवून ते 'प्रिंट'मधून कॉल केलं. जीडीबीने एक्स्प्रेशन सोडलं, स्टॅक पूर्ववत केला, बॅकट्रेस (चालू फंक्शन कॉलची यादी) स्वच्छ आला, टेस्ट पास. मग सहज 'कंटिन्यू' दिलं आणि प्रोग्राम जागीच गोठला. स्टॅक मागे गेला होता, लॉक मात्र सुटलं नव्हतं. जीलिबसी या सी लायब्ररीच्या म्यूटेक्समध्ये मालक थ्रेडचा क्रमांक असतो. तो छापून बघितला तर आम्ही ज्या थ्रेडवर कॉल केला होता, तोच मालक निघाला! यात जीडीबीचा दोष मी मानत नाही, कारण कोणतं लॉक सोडायचं हे डिबगरला कळायला काही मार्गच नाही. पण आमची टेस्ट नको तिथे संपत होती. तेव्हापासून आमच्या प्रत्येक टेस्टला उत्तर तपासून झाल्यावर आणखी तीन पायऱ्या असतात: 'इन्फो थ्रेड्स'मध्ये कोण कुठे आहे, मालक कोण आहे, आणि पुढे सोडल्यावर प्रोग्राम शेवटपर्यंत पोचतो का.

जीडीबी 15 मध्ये अशा कॉलना टाइमआउट आले तेव्हा मला मनापासून आनंद झाला. ब्रेकपॉइंटच्या अटीतून होणाऱ्या अप्रत्यक्ष कॉलना मूळचीच 30 सेकंदांची मर्यादा आहे. आपण हाताने केलेल्या कॉलला मर्यादा नाही, ती स्वतः लावावी लागते. टेस्टमध्ये ती लावाच, आणि वेळ संपल्यावर स्टॅक मागे न्यायचा का हे ठरवणारं 'अनवाइंड-ऑन-टाइमआउट' ऑन आणि ऑफ दोन्ही ठेवून तपासा.

त्रास टीसीएलचा होतो, म्हणजे जीडीबीच्या टेस्ट ज्या भाषेत लिहितात तिचा. महिरपी कंस, चौकोनी कंस आणि बॅकस्लॅश यांत माझे पहिले दोन महिने गेले, आणि नव्या माणसाला हे शिकवणं अजूनही जड जातं. एलएलडीबी या दुसऱ्या डिबगरच्या टेस्ट पायथनमध्ये आहेत, त्या वाचायला कितीतरी सोप्या. फंक्शन कॉल करताना एलएलडीबीचं वागणंही वेगळं: आधी एकच थ्रेड चालवून बघतो, ठराविक वेळेत उत्तर आलं नाही तर सगळे सोडतो. रोजच्या कामाला ते सोयीचं आहे. पण मला कोणता थ्रेड कधी सुटेल हे टेस्टमध्ये स्वतः ठरवायचं असतं, म्हणून जीडीबीची पद्धत जवळची वाटते.

सध्या एकच केफेल (माहीत असलेलं, नोंदवून ठेवलेलं अपयश) शिल्लक आहे, जीडीबीसर्व्हरवरून, म्हणजे दुसऱ्या मशीनवरचा प्रोग्राम जीडीबीला जोडून देणाऱ्या साधनावरून चालवताना येणारा. साध्या मशीनवर तीच टेस्ट शंभर वेळा चालवूनही पडलेली नाही. या आठवड्यात तिच्या मागे लागणार आहे.