गावातल्या रात्रीसाठी हेडलॅम्प, दोन वर्षं रोज वापरल्यावर

गावात राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की रात्रीची निम्मी कामं दोन हातांची असतात, आणि टॉर्च त्यातला एक हात खाऊन टाकते. गोठ्याची कडी काढायची तर दार दुसऱ्या हाताने उचलून धरावं लागतं, टाकीचा व्हॉल्व फिरवायचा तर पाईपला दुसऱ्या हाताचा आधार लागतो, सुटलेलं दावं बांधायचं तर दोन्ही हात लागतातच. मोबाईलचा टॉर्च मान आणि खांद्यात दाबून मी कितीतरी दिवस ही कामं केली, एकदा मोबाईल पाण्याच्या हौदात पडला तेव्हा ते बंद झालं. मग डोक्याला बांधायची बॅटरी घेतली, म्हणजे हेडलॅम्प. आता दोन वर्षं झाली, असा दिवस गेला नसेल की तो डोक्यावर चढला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. जे नुकतेच गावाकडे राहायला गेलेत किंवा जायचा विचार करतायत त्यांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं.

आधी चूक सांगतो. पहिला हेडलॅम्प आकडे बघून घेतला. खोक्यावर सेलची क्षमता 9900 एमएएच लिहिलेली आणि उजेडाचे आकडे तर विचारू नका. आत 18650 नावाचा लिथियम सेल होता, 18 मिलीमीटर जाड आणि 65 मिलीमीटर लांब, नावच मापावरून पडलंय. हे नंतर वाचून कळलं की एवढ्या मापाच्या सेलमध्ये चांगल्यातल्या चांगल्या कंपनीला 3500 एमएएचच्या आसपासच बसवता येतं, म्हणजे 9900 लिहिलेलं दिसलं की तिथेच समजायचं की बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवायचा नाही. तो दिवा एका पावसाळी रात्री, वासरू दावं तोडून ओढ्याच्या बाजूला गेलं होतं तेव्हा, पाऊण तासात विझला. आधी मंद वगैरे काही नाही, एकदम अंधार. पायाखाली चिखल, ओढ्याचा आवाज नक्की कुठून येतोय ते कळेना, आणि वासरू कुठंतरी जवळच हंबरतंय. त्या रात्री मी जागचा हललो नाही, घरून दुसरी बॅटरी घेऊन माणूस येईपर्यंत तसाच उभा राहिलो. वासरू सापडलं, पण ती अर्धा तासाची भीती मला अजून आठवते.

सध्याचा दिवा एका जाणकाराला विचारून घेतला. सेल बदलता येतो, सगळ्यात जास्त उजेड 600 लुमेन (दिव्यातून एकूण किती उजेड निघतो त्याचं माप), सगळ्यात कमी 3 लुमेन, शिवाय वेगळा लाल दिवा, आणि उजेडाचा रंग पिवळसर पांढरा, तो निळसर डोळ्यात घुसणारा नाही. आता दोन वर्षांच्या वापरावरून सांगतो, 600 लुमेन मी मोजून पाच-सहा वेळा लावला असेल. रोजचं काम 3 ते 60 च्या मध्ये होतं. आणि तो 600 तसाही टिकत नाही, एलईडी तापते म्हणून काही मिनिटांत दिवा आपोआप स्वतःला खाली आणतो, सगळ्याच छोट्या दिव्यांचं असंच असतं. खोक्यावर "इतके तास चालतो" लिहितात त्याचंही गणित समजून घ्या. एफएल 1 नावाचं एक स्टँडर्ड आहे, 2009 पासूनचं, त्यात चालण्याचा वेळ मोजतात तो उजेड सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे त्या तासांमधले बरेचसे तास मिणमिणत्या उजेडाचे असू शकतात. लांबीचंही तसंच, 100 मीटर लिहिलं असेल तर 100 मीटरवर उजेड 0.25 लक्स उरतो, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. तेवढ्यात काहीतरी हलतंय एवढं दिसेल, कुत्रं आहे की कोल्हा ते सांगता येणार नाही. आणि दुप्पट लांबवर तेवढाच उजेड पाडायचा तर झोताची ताकद चौपट लागते, म्हणून 300 लुमेनचा 600 केला की दुप्पट लांबचं दिसेल असं धरून बसू नका.

खरा कस लागला तो गाय व्यायली त्या रात्री. तारीख मोजून ठेवली होती, गाय साधारण 280 दिवसांनी विते, पण ही चार दिवस आधीच बसली. संध्याकाळपासून लाईट नव्हती, पाऊस चालू, आणि फोनला रेंज फक्त गोठ्याच्या एका कोपऱ्यात. डॉक्टरांना फोन लावला तर ते म्हणाले, "घाई करू नका, आधी पुढचे दोन पाय आणि त्यावर टेकलेलं नाक दिसतंय का बघा, दिसत असेल तर तिचं तिला करू द्या." फोन आईच्या कानाला, माझे दोन्ही हात कोपरापर्यंत धुतलेले, आणि डोक्यावर तो दिवा 20-30 लुमेनवर. पाय दिसले, खुरांचे तळवे खालच्या बाजूला, मग नाक दिसलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. एवढ्या कमी उजेडात गाय बुजली पण नाही, मान वळवून बघायची आणि परत आपल्या कामाला लागायची. वासरू बाहेर आलं, नाकातोंडातला चिकट द्रव मी दोन्ही हातांनी काढला, तेवढ्यात ते शिंकलं. आई म्हणाली, "बाई गं, सुटलीस बघ," आणि गायीच्या पाठीवर हात फिरवत राहिली. पुढे वार पडेपर्यंत बसायचं होतं, त्याला बारा तासांपर्यंत लागू शकतात, आमच्या गायीला पाच लागले. तो सगळा वेळ दिवा सर्वात कमी उजेडावर लावून आम्ही दोघं गवताच्या पेंढ्यांवर बसलेलो, वासरू चार वेळा पडून पाचव्यांदा उभं राहिलं ते त्या 3 लुमेनमध्ये बघितलं. सकाळी सेल तपासला तर निम्म्याच्या वर शिल्लक होता.

आता एक गोष्ट जी मला कुठल्या रिव्ह्यूमध्ये वाचायला मिळाली नाही आणि वापरूनच कळली. डोक्यावरचा उजेड डोळ्यांच्या अगदी जवळून निघतो, त्यामुळे वस्तूची सावली वस्तूच्याच मागे लपते आणि जमीन सपाट वाटायला लागते. दगड, खड्डा, आडवी पडलेली काठी, सगळं एकसारखं. चालताना दिवा डोक्यावरून काढून कमरेजवळ हातात धरा, लगेच प्रत्येक ढेकळाला लांब सावली पडते आणि वाट उठून दिसते. धुक्यात तर हे करावंच लागतं, डोक्यावर ठेवला तर समोर नुसती पांढरी भिंत. म्हणून माझं ठरलंय, काम करताना डोक्यावर, चालताना हातात. यासाठी दिवा पट्ट्यातून पटकन निघणारा हवा, घेताना हे हाताने करून बघा.

सापाचा विषय यातच येतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं, आणि त्यांचे आकडे वाचले तर झोप उडते, जगात वर्षाला 81 हजार ते 1 लाख 38 हजार माणसं सर्पदंशाने जातात, बहुतेक शेतात राबणारी आणि खेड्यात राहणारी. त्यावर सांगितलेले साधे उपाय म्हणजे रात्री उजेड आणि पायात बूट. एवढंच. अंगणातल्या बाथरूमपर्यंत दहा पावलं जायची असली तरी आमच्या घरात आता कुणी अंधारात जात नाही, हेडलॅम्प दाराजवळच्या खुंटीला आणि बूट त्याच्याखाली. बूट घालायच्या आधी उलटे करून झटकायचे, हे पण विसरू नका. आणि इथे उजेडाचा रंग कामाला येतो, निळसर दिव्यात वाळलेलं पान, काठी आणि साप यांचे तपकिरी रंग एकमेकांत मिसळतात, पिवळसर आणि रंग नीट दाखवणाऱ्या दिव्यात ते वेगळे दिसतात. खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा 100 पैकी आकडा, लिहिलेला असेल तर 90 च्या वरचा बघा.

किडे हा मोठा त्रास आहे, खोटं कशाला सांगू. पावसाळ्यात डोक्यावर दिवा म्हणजे सगळी पाखरं नाकातोंडात. निळ्या आणि अतिनील प्रकाशाकडे किडे जास्त ओढले जातात, लाल-पिवळ्याकडे कमी, म्हणून पावसाळ्यात मी गोठ्यातली बरीच कामं लाल दिव्यावरच उरकतो. पण लाल दिव्यात रक्त दिसत नाही, जखम बघायची असेल तर पांढराच लावा.

लाल दिव्याचं खरं सुख वेगळंच आहे. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला 20 ते 30 मिनिटं लागतात, आणि पांढरा झोत एकदा डोळ्यात गेला की सगळं पहिल्यापासून. मंद लाल उजेडाने ती सवय फारशी मोडत नाही. म्हणजे रात्री गोठा बघून आलं, दिवा बंद केला, मान वर केली की आकाशगंगा तिथेच असते, वाट बघावी लागत नाही. 2016 मध्ये एक अभ्यास आलेला, त्याप्रमाणे जगातल्या एक तृतीयांशाहून जास्त माणसांना आपल्या राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसतच नाही. मी सुद्धा तीस वर्षं त्यांच्यातलाच होतो. आता माझ्या मुलीला देवयानी दीर्घिकेचा तो पुसट ठिपका नुसत्या डोळ्यांनी सापडतो, पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड आहे तो, हे तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. काजव्यांचंही तेच, पांढऱ्या उजेडात ते चमकणं कमी करतात, एकमेकांना शोधायची त्यांची खूणच हरवते. काजवे असतील त्या दिवसांत आम्ही बांधावर पांढरा दिवा लावतच नाही.

आणि हो, हेडलॅम्प लावून गवताकडे बघा, दवाच्या थेंबांसारखे पण हिरवट निळे ठिपके चमकताना दिसतात, जवळ गेलं की कळतं ते कोळ्यांचे डोळे आहेत. पहिल्यांदा दिसले तेव्हा मी गुडघ्यावर बसून मोजत होतो. गाय, मांजर, कुत्रं यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो, उजेड आला तसा परत जातो, आणि दिवा आपल्या डोळ्यांजवळ असल्याने ती चमक आपल्यालाच बरोबर दिसते. चुकलेलं जनावर शोधायला याच्यासारखं काही नाही, अख्खं जनावर दिसायच्या कितीतरी आधी दोन डोळे दिसतात.

माणसांना मात्र त्रास होतो. समोरच्याशी बोलायला मान वर केली की झोत थेट त्याच्या डोळ्यात. शेजारचे काका एकदा चांगलेच रागावले, "अरे डोळे फोडतोस का माझे," आणि त्यांचं बरोबरच होतं, वयामुळे त्यांना परत दिसायला फार वेळ लागतो. आता कुणाची चाहूल लागली की हात आधी दिव्यावर जातो.

काळजीचं थोडक्यात. बटण इलेक्ट्रॉनिक असेल तर बंद दिवा पण थोडी थोडी बॅटरी पीत राहतो, आणि पिशवीत चुकून चालू झाला तर चांगलाच तापतो, म्हणून मी सेलचं झाकण अर्धा आटा सैल करून ठेवतो. जास्तीचा सेल असतो तो पूर्ण चार्ज करून महिनोन् महिने ठेवत नाही, निम्म्यावर ठेवतो, लाईट जायचे दिवस सुरू झाले की भरतो. दिवा किती पाणी सोसतो ते खोक्यावर आयपीएक्सच्या आकड्यात लिहितात, आयपीएक्स 4 म्हणजे फक्त उडणारे शिंतोडे, आयपीएक्स 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पावसात काम करणाऱ्याने 7 वालाच घ्यावा. पण चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट बसलेलं नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

तक्रारी दोन. पट्ट्याचं इलास्टिक दीड वर्षातच ढिलं पडलं, घामाने आणि धुण्याने, आणि नुसता पट्टा वेगळा मिळवायला मला फार खटपट करावी लागली. दुसरी जास्त मोठी, सगळं एकाच बटणावर आहे, एकदा दाबा, दोनदा दाबा, दाबून धरा. मला सवय झाली, पण आईला नाही. परवा रात्री तिला लाल दिवा हवा होता आणि लागला तो 600, बिचारी दारातच डोळे मिटून उभी राहिली. तिच्यासाठी दुसरा बघतोय, गोल फिरवायच्या बटणाचा, हळूहळू उजेड वाढणारा, अंधारात नुसत्या बोटाला कळेल असा. कुणी असा वापरत असेल, घरातल्या वयस्कर माणसाला जमलेला, तर जरूर सांगा, पावसाळ्याच्या आत घ्यायचाय.